दुरुस्त आणि खरे

'दुरुस्त' हा शब्द मराठीने फारसीतून घेतला आणि इतका आपलासा केला की त्याचे परकेपण आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. या शब्दाला दोन अर्थ आहेत. जे मोडलेले नाही ते दुरुस्त, आणि जे चुकलेले नाही तेही दुरुस्त. छत गळू लागले की आपण त्याची दुरुस्ती करतो. मुद्रितात ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर तीही दुरुस्तीच. मोडलेली वस्तू चालू करणे आणि चुकलेली गोष्ट बरोबर करणे ही दोन्ही कृत्ये एकच आहेत असे या शब्दाने जणू गृहीत धरलेले आहे. माझी उभी हयात जुन्या ग्रंथांच्या पाठभेदांत गेल्यामुळे हे गृहीतक ग्रंथांच्या बाबतीत फसवे असते याची मला जाणीव होती. यंत्राच्या बाबतीतही ते तसेच फसवे ठरू शकते, हे मात्र मला रायपूरजवळच्या उरला येथे एका वृद्ध कारागिराच्या टेबलाशी बसून शिकावे लागले.

यंत्र म्हणजे एक जुना पॅनासोनिकचा हातात धरून नेता येण्याजोगा कॅसेट रेकॉर्डर. आखातात नोकरी करणाऱ्या एका नातेवाइकाने तो आणला होता. पुढच्या बाजूला पियानोच्या पट्ट्यांसारखी बटणे, त्यांपैकी एक तांबडे; वर उचलून धरण्याची कडी; आत चार सेल. 1984 च्या उन्हाळ्यात भंडारा जिल्ह्यातील आमच्या घरी, वीज गेलेली असताना, मी त्यावर एक कॅसेट भरली. प्रथम ताईने पेटीवर एक भजन म्हटले. नंतर बऱ्याच आर्जवांनंतर आईने ओव्या म्हटल्या. गावात गिरणी येऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती आणि जाते अंगणात पालथे पडले होते. आई जमिनीवर बसली, एक पाय लांब केला आणि रिकाम्या जागेवर हात गोल फिरवीत गाऊ लागली. हात फिरल्याखेरीज ओवी आठवत नाही, असे ती म्हणाली. ओव्या संपल्यावर मी 'झालं, आई?' असे विचारल्याचेही त्या फितीवर आहे.

एकदोन वर्षांतच तो रेकॉर्डर बंद पडला. पुढे घरात मोठा टू-इन-वन आला, त्यानंतर आणखी काही यंत्रे आली. आई 1991 मध्ये गेली. त्यानंतर तिच्या श्राद्धाच्या दिवशी ती कॅसेट लावण्याचा प्रघात घरात पडला. आई फार भरभर गाते, तिचा आवाज कोवळा आणि उंच आहे, हे सर्वांना पाठ झाले. 'चूल वाट पाहत असायची ना, म्हणून तिच्या ओवीलाही घाई' असे ताई म्हणायची, आणि ते सर्वांना पटायचे. शेवटी येणारा माझा प्रश्न तर मुलांच्या थट्टेचा विषय होता. चोवीस वर्षांचा मी त्यात शाळकरी पोरासारखा बोलतो. या थट्टेत मीही सामील होत असे.

आता उरल्याविषयी. ताई लग्न होऊन रायपूरला गेली, तात्यापाऱ्यात. नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेबरोबर छत्तीसगडात गेलेल्या आणि 1854 मध्ये ती सत्ता बुडाल्यावरही तेथेच राहिलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती त्या शहरात जुनी आहे. या लोकांनी दोन भाषांत संसार केला. पेंड्र्याहून 1900 साली 'छत्तीसगढ मित्र' काढणारे माधवराव सप्रे घरी मराठी होते, आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेले ते त्यांनीच. ताईच्या घरीही आज देवापुढची आरती मराठीत होते आणि भांडण हिंदीत. तो बंद पडलेला रेकॉर्डर आणि घरातली पेटी दोन्ही तिच्याबरोबर तिकडे गेली होती. तिचा मुलगा उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये नोकरीला आहे. त्याच मिलमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे गोंदियाकडचे एक गृहस्थ जुने टेप आणि रेडिओ दुरुस्त करतात, असे त्याने कळवले. मी त्या वेळी रायपुरात होतो. रेकॉर्डर घेऊन आम्ही गेलो.

उरल्याच्या रस्त्यावर सकाळीही दिवसाचा रंग तांबूस असतो. लोखंडाच्या धंद्याची धूळ झाडांच्या पानांवर बसलेली असते. त्या धुळीकडे पाहताना एक गोष्ट मनात आली. साध्या कॅसेटची फीत तपकिरी दिसते, कारण तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडची बारीक पूड बसवलेली असते. ज्याला आपण सैल भाषेत गंज म्हणतो त्याचाच तो एक प्रकार. या परिसरातल्या भट्ट्या आणि मिली ज्याच्यातून लोखंड सोडवून काढण्यासाठी अहोरात्र जळतात, त्या द्रव्याच्याच पातळ थरावर माझ्या आईचा आवाज होता.

कारागिराने यंत्र उघडले. आत रबरी पट्ट्याचे पाघळून डांबर झाले होते आणि ते पुलीला चिकटून बसले होते. जुन्या पट्ट्यांचे असेच होते, असे ते म्हणाले. ते डांबर त्यांनी स्पिरिटने, कापसाच्या बोळ्यांनी, जवळजवळ तासभर पुसून काढले. फीत पुढे ओढणारा छोटा रबरी रोलर कडक होऊन गुळगुळीत झाला होता. तो बारीक पॉलिश पेपरवर फिरवून त्यांनी त्याला पुन्हा पकड आणली. दोन कंडेन्सर बदलले. हेड पुसले, त्यातले चुंबकत्व उतरवले, आणि हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवीत फिरवीत आवाजातला 'स' नि 'श' वेगळा ऐकू येईपर्यंत कान लावून बसले. कॅसेटच्या आत फितीला हेडवर दाबून धरणारा नमद्याचा इवलासा तुकडा गळून पडला होता. तो दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवला. या सर्व कामात त्यांची एक सवय मी टिपून ठेवली. मोटरच्या वेगाचा स्क्रू हलवण्यापूर्वी तो जेथे होता तेथे त्यांनी लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिला. का, असे विचारल्यावर म्हणाले, ''पहिले जसं होतं तसं परत करता आलं पाहिजे जी.''

सगळे भाग बदललेले जहाज तेच जहाज काय, हा प्लूटार्कने नोंदवलेला प्रश्न अशा प्रसंगी हटकून आठवतो. आपल्याकडे नागसेनाने मिलिंद राजाला रथाविषयी जवळजवळ याच दिशेने विचारात पाडले होते. पण खरे सांगायचे तर उरल्याच्या त्या खोलीत हा प्रश्न मला काहीसा रिकामपणाचा वाटला. पट्टा नवा घातला म्हणून रेकॉर्डर दुसरा झाला असे कोणालाही वाटले नाही, आणि वाटले असते तरी त्याने कोणाचे काही बिघडले नसते. प्रश्न पुढेच होता.

फिलिप्स कंपनीने 1963 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ही कॅसेट प्रथम मांडली. लू ओटेन्स यांच्या हाताखाली ती तयार झाली. खिशात मावेल एवढाच लाकडाचा ठोकळा समोर ठेवून त्यांनी यंत्राचे माप ठरवले होते, असे सांगतात. फितीची रुंदी 3.81 मिलिमीटर आणि वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर. ध्वनिमुद्रणगृहातील फीत सेकंदाला 38 सेंटिमीटर धावत असे, हे लक्षात घेतले म्हणजे ही सोय प्रथमतः बोलण्यासाठी होती, गाण्यासाठी नव्हती, हे कळते. पण या हलक्या यंत्रामुळेच ज्यांचे गाणे कधी मुद्रणगृहापर्यंत पोचले नसते त्यांचे गाणे उरले. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या जमवल्या तेव्हा त्यांच्या हाती कागद आणि पेन होते. गुंथर सोन्थायमर धनगरांच्या ओव्यांमागे फिरले तेव्हा टेप बरोबर होता. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला, आणि त्यांपैकी कित्येक आज गाणाऱ्या बाईच्या आवाजात ऐकता येतात. कागदावरच्या ओवीला शब्द असतात. फितीवरच्या ओवीला श्वासही असतो.

या सगळ्याचा आधार म्हणजे तो वेग. ज्या वेगाने भरले त्याच वेगाने वाजवले तर आवाज तो आवाज. कारागिराकडे ठरावीक कंपनसंख्येचा सूर भरलेली चाचणीची कॅसेट होती. ती लावून, मोबाइलवर कंपने मोजत, त्यांनी स्क्रू फिरवला आणि यंत्र प्रमाण वेगावर आणले. तेथे एक पांढरा ठिपका दिला. मग आईची कॅसेट लावली. नेहमीची, भरभर गाणारी, कोवळ्या आवाजाची आई ऐकू आली. यंत्र दुरुस्त झाले होते.

संध्याकाळी तात्यापाऱ्यात ताईने हौसेने पेटी काढली. आपल्याच जुन्या भजनाला साथ करावी असे तिच्या मनात आले. काळी एकवर हात ठेवून ती थांबली. पेटी आणि फीत जुळेनात. शोधता शोधता फितीवरचा सूर पांढरी दोनवर मिळाला. ती म्हणाली, हे शक्यच नाही. या पेटीची पांढरी दोन त्या काळी बोलतच नव्हती, तिची पत्ती रायपूरला आल्यावर नव्वद साली बसवली. पाठचिकित्सक ज्याला अंतर्गत पुरावा म्हणतो तो असा कधी कधी एका मुक्या पट्टीच्या रूपाने येतो. फीत अर्ध्या सुराने, म्हणजे शेकडा सहाच्या आसपास, वर वाजत होती. याचा अर्थ एकच होता. 1984 मध्ये तो रेकॉर्डर तेवढाच मंद धावत होता, आणि मंद यंत्रावर भरलेले प्रमाण यंत्रावर वाजवले की ते वर चढते, घाईत येते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेटीसह पुन्हा उरल्याला गेलो. रिक्षात पेटी मांडीवर घेऊन बसलेली सत्तरी उलटलेली ताई मला अजून दिसते. कारागिराने सगळे ऐकून घेतले. ''मशीन माझी बरोबर हाय जी,'' एवढेच ते म्हणाले, आणि त्यात गैर काही नव्हते. मग त्यांनी स्क्रू उलटा फिरवीत नेला. भजन काळी एकवर बसले तेव्हा स्क्रूची खाच लाल ठिपक्याला जवळजवळ लागली होती. यंत्र जसे बिघडलेले आले होते तेथेच ते खरे होते.

मग आईच्या ओव्या आल्या. आवाज खाली उतरलेला, जाड, संथ. दोन ओव्यांच्या मध्ये ती थांबते तो थांबा लांबला होता आणि त्यात श्वास ऐकू येत होता. ताईने थोडा वेळ ऐकले आणि म्हणाली, ''ही आई नव्हे रे.''

शेवटचा माझा प्रश्न लाल ठिपक्यावरही जरा पोरसवदाच आला. त्याचे कारण कारागिराने सांगितले. सेल उतरत गेले की मोटर आणखी मंदावते. म्हणजे भरताना कॅसेटच्या आरंभी जो वेग होता तो शेवटी नव्हता. पेटीची साक्ष फक्त भजनापुरती होती. ओव्यांच्या वेळी वेग आणखी किती घसरला होता याला पुरावा काहीच नव्हता. म्हणजे आई याहूनही संथ गात होती, पण किती, हे कोणताही ठिपका सांगू शकत नव्हता.

येथे मला माझ्या विद्येचा आधार घ्यावासा वाटला. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लेखकांच्या हातून शिरलेले अबद्ध पाठ काढून टाकावेत हा त्यांचा हेतू, आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये अशी ताकीदही त्यांनी दिली. मराठी समाज शतकानुशतके जी ज्ञानेश्वरी वाचत आला ती त्यांच्या हातून आलेली. 1909 मध्ये राजवाड्यांनी आपल्या मते एकनाथपूर्व असलेली प्रत छापली, तेव्हा तिची भाषा वाचकांना ओबडधोबड आणि परकी वाटली. त्या प्रतीविषयीचे वाद निराळे. मला महत्त्वाची वाटते ती वाचकांची पहिली प्रतिक्रिया. ती ताईच्या वाक्यापेक्षा फार वेगळी नसावी. पाठचिकित्सेत एक जुने सूत्र आहे: दोन पाठांपैकी जो अवघड, जो कानाला खटकणारा, तो बहुधा मूळचा, कारण नकलणारा माणूस अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करत नाही. हे सूत्र मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवले. ते आपल्या आईला लावण्याची वेळ येईल असे मात्र वाटले नव्हते.

युरोपात एकोणिसाव्या शतकात जुन्या इमारतींवरून याच प्रकारचा वाद झाला. व्हियोले-ल-द्यूक या फ्रेंच वास्तुकाराचे म्हणणे असे की पुनर्रचना करताना इमारतीला एक पूर्ण रूप द्यावे, मग ते पूर्वी कधी अस्तित्वात नसले तरी चालेल. रस्किनने 1849 मध्ये असल्या पुनर्रचनेला सरळ असत्य ठरवले. आपल्याकडच्या जीर्णोद्धाराची कल्पना या दोघांच्याही चौकटीत बसत नाही. अहिल्याबाईंनी काशीला देऊळ बांधले तेव्हा जुना दगड राखण्यापेक्षा खंडित झालेली पूजा चालू होण्याला महत्त्व होते. आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1966 मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहिली तर सुकथनकरांच्या पद्धतीने सिद्ध झालेली ती संहिता कोणत्याही एका हस्तलिखितात जशीच्या तशी सापडत नाही. म्हणजे व्हियोले-ल-द्यूकचा दोष तिलाही लावता येईल. फरक एवढाच की प्रत्येक पानाखाली नाकारलेले पाठ दिलेले आहेत. संपादकाने काय केले ते मोडून पाहण्याची सोय त्याने स्वतःच ठेवलेली आहे. लाल नेलपॉलिशचा ठिपका देणारा कारागीर आणि तळटीपांत पाठभेद देणारा संपादक यांची नीती मला एकाच जातीची वाटते.

तथापि सर्व पाठ राखून ठेवावेत हे उत्तर ग्रंथाला पुरते, घराला पुरत नाही. भाच्याने दोन्ही वेगांवरचे आवाज संगणकावर उतरवून घेतले, त्याला काही मिनिटेही लागली नाहीत. पण श्राद्धाच्या दिवशी त्यांतले एकच लावायचे असते. आणि नातवंडांना पणजीचा आवाज कोणता हे सांगायचे असते. ताईचे म्हणणे मी हलके मानत नाही. तीस वर्षे ज्या आवाजापुढे ती रडली तो आवाज तिच्या दृष्टीने आईच आहे. त्याला खोटे म्हणणे म्हणजे त्या रडण्यालाही खोटे म्हणण्यासारखे होते. माझी अडचण याहून लाजिरवाणी होती. पेटी ठरवील ते ठरवो, मला स्वतःला आठवत काय होते? मी आईचा मुलगा. तिचा आवाज तीस वर्षे रोज ऐकलेला. मी डोळे मिटून आठवू पाहिले, आणि जे आठवले ते कॅसेटवरचे होते. तांबडे बटण दाबले की फितीवरचे आधीचे पुसले जाते आणि नवे भरले जाते. माझ्या स्मृतीचेही तसेच झाले होते.

आणि एक गोष्ट येथे कबूल करणे आवश्यक आहे. मी एका चर्चासत्रात ओवीच्या लयीवर बोललो आहे. स्त्रियांच्या श्रमाची घाई ओवीच्या लयीत कशी उतरते, हे सांगताना मी आईच्या कॅसेटचा दाखला दिला होता आणि श्रोत्यांना ती ऐकवलीही होती. विवेचन लोकांना आवडले. उतरत्या सेलांतून मी एका बाईचा स्वभाव, तिच्या दिवसाचे वेळापत्रक आणि एक वाङ्मयीन सिद्धान्त काढला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनच्या ध्वनिसंग्रहासाठी मेणाच्या नळकांड्यांवर दूरदूरची गाणी भरून आणणारे अभ्यासक प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी ठरावीक सुराची शिट्टी वाजवत, म्हणजे पुढे कोणी ते कोणत्याही यंत्रावर वाजवले तरी मूळ वेग शोधून काढता यावा. आपल्या यंत्राविषयी इतका नम्र संशय मला कधी सुचला नाही. आवाज हा प्रत्यक्ष पुरावा आहे, त्यात कोणाचा हात लागलेला नाही, या समजुतीने मी हस्तलिखिताला लावतो ती कसोटी त्याला लावलीच नाही.

आईला घाई नव्हती. निदान त्या संध्याकाळी नव्हती. वीज नव्हती, स्वयंपाक झाला होता, जाते पालथे होते, आणि ती सावकाश, थांबत, श्वास घेत गात होती. तिच्याकडे वेळ होता आणि तो तिने आम्हाला दिला होता. मृत माणसाला आपण काय देणे लागतो, याचे उत्तर मला कोणत्याही ग्रंथातून पुरतेपणी मिळालेले नाही. पण आपल्या साधनातील दोष त्याच्या अंगी चिकटवू नये एवढे तरी देणे लागतो असे वाटते. ताई याला मान डोलावते, आणि आपल्या मोबाइलवर जुनीच आई लावते. तिच्याशी वाद घालण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटत नाही.

निघताना कारागिराने यंत्राचे मागचे झाकण हातात धरून विचारले, ''कोन्त्या खुणेवर ठेवू जी?'' पांढऱ्या ठिपक्यावर ठेवले तर जगातली बाकीची प्रत्येक कॅसेट त्यावर बरोबर वाजली असती. मी लाल म्हणालो. त्यांनी स्क्रू तेथे आणला, पेटीच्या काळी एकशी एकदा पडताळून पाहिला, आणि झाकण लावण्यापूर्वी आतल्या बाजूला बॉलपेनने तारीख घातली. त्याखाली 'स्पीड स्लो, मुद्दाम' असे लिहिले, म्हणजे पुढे कोणी उघडले तर तो पुन्हा दुरुस्त करणार नाही.